छातीवर कोणी बसत नाही

पहाटे अचानक जाग येते. वरचा पत्रा दिसतो, शेजारी झोपलेली भावंडं दिसतात. पण हात हलत नाही, तोंडातून आवाज फुटत नाही. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. दाराशी काळी सावलीही दिसते. मिनिटभरात सगळं मोकळं होतं. सकाळी घरात सांगितलं की कुणीतरी म्हणतं, "बाहेरचं झालंय." मग लिंबू, अंगारा आणि भगताचा उंबरा.

डॉक्टर याला 'स्लीप पॅरालिसिस' म्हणतात. ही भूतबाधा नाही आणि लकवाही नाही. झोपेत अधूनमधून एक टप्पा येतो. बंद पापण्यांआड डोळे भराभर फिरतात आणि ठळक स्वप्नं पडतात. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९५३ साली हा टप्पा जगापुढे मांडला. या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू ढिले ठेवतो, म्हणजे स्वप्नात पळताना आपण खरोखर उठून पळत नाही. कधी मेंदू आधी जागा होतो, शरीर मागे राहतं. उरलेलं स्वप्न उघड्या डोळ्यांपुढे चालू राहतं. तीच ती सावली! छातीवर दडपण वाटलं तरी श्वास चालूच असतो.

अपुरी झोप, रात्रपाळी, परीक्षेचं जागरण, मनावरचा ताण आणि उताणं झोपणं यांमुळे हे जास्त होतं. म्हणून झोपेची वेळ ठरवा, मोठ्यांनी किमान सात तास झोपा, कुशीवर झोपा. असं झालंच तर घाबरू नका. आनापानाला बसतो तसं श्वासाकडे लक्ष द्या, एखादं बोट हलवून पाहा.

हे वारंवार होत असेल, दिवसा काम करताना डोळा लागत असेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. मनावर ताण असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. बाबासाहेबांनी आपल्याला प्रज्ञेची वाट दाखवली. तरी आपल्याच घरातली सून, मुलगी भगतापुढे बसवली जात असेल, तर आपण कुठे चुकतो? तिने असं काही सांगितलं तर आधी जवळ बसवून विचारू या, "बाळा, काल किती तास झोपलीस? मनात काय आहे?"