सरोगसीचे पैसे रिटर्नमध्ये कुठे दाखवायचे?

मस्कत : ओमानमध्ये आज पगारावर आयकर नाही. १ जानेवारी २०२८ पासून वर्षाला ४२ हजार रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के लागेल. तोवर रिटर्न म्हटलं की आपल्याला भारतच आठवतो. मूल होत नाही म्हणून भारतात सरोगसीचा विचार करणारं जोडपंही हेच विचारतं, "त्या ताईंना पैसे दिले, तर त्यांनी ते रिटर्नमध्ये कुठे दाखवायचे?"

'मला आई व्हायचंय' चित्रपट आला, तेव्हा असे पैसे देणं चालत होतं. आता नाही. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने मोबदल्याची सरोगसी बंद केली. औषधोपचार, नियमात बसणारा इतर खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा, एवढंच देता येतं. झालेला खर्च भरून देणं म्हणजे कमाई नव्हे. पावत्या मात्र जपा.

मग 'भेट' म्हणून पाठवले तर? नात्याबाहेरून वर्षभरात ५० हजार रुपयांच्या वर रक्कम आली, की सगळीच करपात्र. सख्ख्या बहिणीला भेटीवर कर नाही. पण पोटात बाळ वाढवण्याबद्दल दिलेली भेट हा मोबदलाच. त्यासाठी जोडप्याला पहिल्याच गुन्ह्यात ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कर भरला म्हणून व्यवहार कायदेशीर ठरत नाही.

म्हणून सुट्टीत गावी गेलात की आधी वकिलांना भेटा, मग सीएंना. पैसे पाठवायचं त्यानंतर बघू.