बारुदीचा कारखाना : नियमांमागची कारणे समजून घ्या

१७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळच्या बाजारगाव येथील स्फोटक कारखान्यात स्फोट झाला. ९ कामगार दगावले, त्यात ६ महिला होत्या. खाणीतल्या सुरुंगासाठी लागणाऱ्या बूस्टरच्या पॅकिंगचे काम तिथे चालले होते. आपल्या घरातील कोणी अशा कामाला जात असेल, तर हे वाचून दाखवा.

स्फोटक किती नाजूक आहे, हे तीन चाचण्यांनी ठरते. पहिली आघाताची. चिमूटभर मालावर उंचावरून वजन सोडतात. जितक्या कमी उंचीवर माल उडेल, तितका तो नाजूक. दुसरी घर्षणाची. चिनी मातीच्या खडबडीत पट्टीवर माल दाबून घासतात. तिसरी विजेच्या बारीक ठिणगीची.

ही चाचणी चिमूटभर मालाची होते, तीही आडोशामागून. पॅकिंग मात्र किलोंनी आणि हातांनी होते. म्हणून नियमांकडे कटकट म्हणून पाहू नका.

• पेटी आपटू नका, ओढू नका. लोखंडी अवजार वापरू नका.
• बाहेरच्या चपला आत नेऊ नका. वाळूचा कण मिसळला तरी माल अधिक नाजूक होतो.
• बूस्टरमध्ये टीएनटीसोबत पीईटीएन असते. कोरडे पीईटीएन घासण्याने उडू शकते. सांडलेला चुरा खरवडू नका, सुपरवायझरला बोलवा.
• नायलॉनची साडी, लोकरी स्वेटर नको. थंडीत स्वेटर काढताना चटचट होते, तीच ठिणगी इथे घात करते. सुती कपडे घाला. दाराशी हात लावायची धातूची पट्टी असेल, तर दर वेळी लावा.
• मोबाईल, काडेपेटी, पैंजण, पिना बाहेर ठेवा.

स्फोट झाला नाही तरी धोका आहेच. टीएनटी कातडीतून आणि श्वासातून अंगात जाते. त्याने रक्त कमी होते, यकृत बिघडते. हात किंवा डोळे पिवळे पडले, लघवी लालसर झाली, ओठ निळसर दिसले, दम लागला, तर थांबू नका. डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगा, रक्ताची आणि यकृताची तपासणी करून घ्या. जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. कामाचे कपडे घरी आणून लेकरांच्या कपड्यांत धुऊ नका.

मालाचे सुरक्षा माहितीपत्रक कारखान्याकडे असते. त्यात काय लिहिले आहे, ते मराठीत समजावून मागा. एकटीने विचारायला भीती वाटते, म्हणून चौघीजणी मिळून विचारा. ठेकेदाराकडे असलात तरी विचारा. हाताखालून जाणारा माल किती नाजूक आहे, हे ज्याचे हात आहेत त्याला ठाऊक असलेच पाहिजे.