पहिल्या पानावर नाव

डिसेंबरातला शनिवार, सकाळचे साडेदहा. नालासोपारा पूर्वेच्या एका चाळीत अंगणवाडीची ही एकच खोली. दारात इवल्याशा चपलांचा ढीग, भिंतीवर रंगवलेली मुळाक्षरं, कोपऱ्यात वजनकाटा आणि झाकून ठेवलेलं खिचडीचं पातेलं. तीन ते सहा वर्षांची पोरं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली आहेत. बाहेर रिक्षा थांबते. वसईतल्या एका सेवाभावी क्लबची माणसं खोकी उतरवून घेतात. एक निवृत्त बँक अधिकारी, एक दंतवैद्य बाई, हार्डवेअरचे एक दुकानदार आणि कॉलेजातली दोन मुलं.

खोकं उघडतं आणि मांडी घातलेली सगळी पोरं गुडघ्यांवर येतात.

प्रथम बुक्सची पातळ चित्रपुस्तकं आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची आहेत, माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आहे. एक मुलगी पान पुढे-मागे करत एकाच शेळीपाशी पुन्हापुन्हा येते. दुसरा शेवटच्या पानापासून सुरुवात करतो. तिसरा माशाचं चित्र बघून ‘बोंबील!’ असं ओरडतो. चित्रातला मासा चांगला गोल आणि लाल आहे. पण मासा म्हणजे बोंबील हे त्याच्या घरचं ज्ञान आहे आणि ते तो पुस्तकाला लावून बघतोय. वाचनाची सुरुवात याहून वेगळी कुठे असते?

दंतवैद्य बाई जाड पेन घेऊन जमिनीवरच बसल्या आहेत. सेविकाताई नाव सांगतात, बाई ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहितात आणि मगच पुस्तक मुलाच्या हातात जातं. याला वेळ लागतो. बाहेर पालक खोळंबलेत, पण बाई घाई करत नाहीत. ‘काय लिवलंय?’ एक मुलगा विचारतो. ‘तुझं नाव.’ तो अक्षरांवरून बोट फिरवतो, मग ते बोट छातीला लावतो.

हे नाव लिहिणं मला सगळ्या वाटपाहून महत्त्वाचं वाटतं. संस्थेला मिळालेलं पुस्तक साठ्याच्या रजिस्टरात चढतं. रजिस्टरात चढलं की ते फाटायची भीती, फाटलं तर उत्तर देणार कोण, म्हणून ते कपाटात. अशी कोरी करकरीत पुस्तकं मी कुलपाआड पाहिली आहेत आणि दर वेळी जीव तुटला आहे. इथे पुस्तक खोलीचं नाही, मुलाचं. ते घरी जाईल, उशाखाली जाईल, धाकट्या भावंडाच्या तोंडात जाईल. दोन वर्षांच्या मुलानं चावलेलं पुस्तक हे वापरात असलेलं पुस्तक असतं.

दारातली एक आई मुलाच्या हातातलं पुस्तक बघून संकोचते. ‘हमको पढ़ना नहीं आता, मैडम.’ दंतवैद्य बाई तिला शेजारी बसवतात. ‘पढ़ना नहीं है, पूछना है. ये लड़की क्या कर रही है?’ आई मुलाला विचारते. तो अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत सांगतो. आई पुढचं चित्र दाखवते, मग तिच्या गावाकडच्या बोलीत काहीतरी जोडते आणि पोरगा खुदकन हसतो. पुस्तक छापलंय मराठीत, गोष्ट चाललीय भोजपुरीत. शेजारी एक आजी नातीशी आगरीत तेच करतेय. चित्रवाचन म्हणतात ते हेच. त्याला शाळेचा दाखला लागत नाही, मांडी लागते आणि थोडा वेळ. बारा तासांच्या पाळ्या आणि विरार लोकलचा प्रवास यांतून हा वेळ कुठून काढायचा, हा इथल्या आईबापांचा खरा प्रश्न आहे. म्हणूनच पुस्तक घरात असायला हवं. रात्री दहा मिनिटं सापडली, तर ती वाया जाऊ नयेत.

आपल्या जिल्ह्याला यात अभिमान बाळगण्याजोगा वारसा आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीत, ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. अंगणवाडीची कल्पना तिथली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांची कुरणशाळाही भरली. सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, म्हणजे तीस वर्षांनी. आज अंगणातून घरात, हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल.

बँकवाले काका खोकी मोडता मोडता अमेरिकेतल्या डॉली पार्टन या गायिकेची हकिकत सांगतात. तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं १९९५ मध्ये टेनेसीतल्या आपल्या काउंटीत पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला दर महिन्याला टपालानं एक पुस्तक पाठवायला सुरुवात केली. पुढे गावोगावच्या संस्थांनी आणि रोटरीसारख्या क्लबांनी आपापल्या भागाचा खर्च उचलला. आजवर २० कोटींहून अधिक पुस्तकं गेलीत. ‘दर महिन्याला,’ काका बोट उचलून म्हणतात, ‘वर्षातून एकदा नाही.’ माझंही मत हेच. वर्षाचं एक वाटप म्हणजे एक फोटो; दर महिन्याचं पुस्तक म्हणजे सवय. या क्लबनं निदान जूनपर्यंत दर महिन्याला यायचं कबूल केलंय.

जून म्हटल्यावर पावसाचा विषय निघतोच. २०१८ च्या जुलैत नालासोपारा पाण्यात होता, तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांतलं काय काय गेलं! ‘आता काय करतो,’ एक आई म्हणते, ‘रेशनकार्ड, आधारकार्ड, सगळं एका पिशवीत, खुंटीला वर.’ मुलाचं पुस्तकही तिनं त्याच पिशवीत ठेवायचं ठरवलंय. सेविकाताई तिला थांबवतात. ‘पावसात ठेव वर. आत्ता खाली राहू दे, त्याच्या हाताला येईल असं.’

खिचडी वाढायची वेळ झाली. पुस्तकं मांडीवर, ताटल्या पुढ्यात. दारात दुसरीतली एक मुलगी केव्हाची उभी आहे, धाकट्या भावाला न्यायला आलेली. ‘मला नाय?’ ती विचारते. खोकी रिकामी झाली आहेत. हार्डवेअरवाले खिशातून छोटी वही काढतात, तिला नाव विचारतात, ते लिहून घेतात आणि चाळीत पहिली-दुसरीची आणखी किती मुलं आहेत ते ताईंना विचारू लागतात. ताई बोटांवर मोजतायत आणि ती मुलगी त्यांनी विसरलेली नावं सांगतेय.