विहिरीचं पाणी तापत नाही म्हणे!

‘वर कितीही तापू द्या, विहिरीचं पाणी बारा महिने सारखंच राहतं,’ हे वाक्य इतक्या ठामपणे सांगितलं जातं की हवामानबदलाची चर्चा तिथेच थांबते. यातलं अर्धं खरं आहे. विहिरीच्या पाण्याचं तापमान ऋतूंप्रमाणे फारसं बदलत नाही. बदलते ती आपल्या अंगाभोवतीची हवा, म्हणून तेच पाणी मे महिन्यात गार आणि जानेवारीत कोमट लागतं. माती आणि खडकातून उष्णता फार संथपणे सरकते. उन्हाळ्याची ऊब खोलवर पोहोचायच्या आत मागून हिवाळ्याचा गारवा येतो, दोन्ही एकमेकांना पुसतात आणि दहा-पंधरा मीटरांवर ऋतू जवळपास संपतात. पण जी तापमानवाढ वर्षानुवर्षं एकाच दिशेने चालली आहे, जिच्या मागून गारवा येतच नाही, तिला पुसणार कोण? बदल जितका संथ तितका तो खोल उतरतो. शतकभराचा बदल वर्षभराच्या चढउताराच्या साधारण दहापट खोल जातो. उथळ भूजलाचं तापमान त्या जागेच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं. ती सरासरी वर सरकली की पाणीही, उशिरा का होईना, तापतं. ऋतू खाली पोहोचत नाहीत म्हणून हवामानबदलही पोहोचत नाही, असं म्हणणाऱ्यांनी वर्ष आणि शतक यांतला फरकच सोडून दिलेला असतो.

यावर हमखास उत्तर येतं, की ही ऊब पृथ्वीच्या पोटातली आहे, वज्रेश्वरीची कुंडं बघा. कुंडांचं पाणी खोलवरच्या उष्णतेनेच तापतं, हे बरोबर. फार खोल बोअरचं पाणी ऊन लागतं तेही त्यामुळेच. खाली जाताना तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पण खालून येणारी ही उष्णता शतकानुशतकं जवळपास तेवढीच आहे. वाढ तिच्यामुळे झाली असती तर ती खोलवर जास्त आणि वर कमी दिसली असती. मोजमापं नेमकं उलटं सांगतात. जर्मनीतल्या बव्हेरियात १९९० च्या दशकात मोजलेल्या विहिरींमध्ये २०१९ साली पुन्हा तापमापक सोडला, तेव्हा २० मीटरवरची वाढ ६० मीटरवरच्या वाढीपेक्षा कितीतरी जास्त निघाली. भारतातही हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह ७५ ठिकाणच्या बोअरमधली तापमानं तपासली. २००२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की सुमारे दीडशे वर्षांत इथली जमीन ०.९ अंश सेल्सियसने तापली.

मग ‘एक-दोन अंशांनी काय बिघडतं?’ असं विचारलं जातं. २०२४ साली ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासाने उत्सर्जन मध्यम राहील असं धरूनही २००० ते २१०० या काळात उथळ भूजल सरासरी २.१ अंशांनी तापेल, असा अंदाज दिला आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि असलेला सूक्ष्मजीव अधिक वेगाने संपवतात. प्राणवायू संपलेल्या पाण्यात खडकातलं आर्सेनिक आणि मँगनीज सुटं होऊ शकतं. म्हणजे तापमानाचा प्रश्न थेट पिण्याच्या पाण्याच्या शुद्धतेचा आहे. तरी त्याच अभ्यासात पाहिलेल्या १२५ देशांपैकी फक्त १८ देशांनी पिण्याच्या पाण्यासाठी तापमानाचे निकष ठरवलेले आढळले.

बाकीचे समज थोडक्यात. दुपारी नळाला येणारं कढत पाणी हा भूजल तापल्याचा पुरावा नव्हे. ते गच्चीवरच्या टाकीत आणि उन्हातल्या पाइपात तापलेलं असतं. हा फक्त शहरांचा प्रश्नही नाही. तळघरं आणि भुयारी मार्ग शहराखाली भर घालतात, पण वरची उष्णता शिवारातही उतरते. चांगल्या पावसाने भूजल पुन्हा गार होतंच असं नाही. मुरणारं पाणी वरच्या थरांतली ऊब उलट लवकर खाली नेऊ शकतं. आणि उत्सर्जन थांबलं की विहिरी लगेच पूर्ववत होतील, हेही खरं नाही. खडकात शिरलेली उष्णता त्यानंतरही कित्येक दशकं खाली सरकत राहणार आहे.