मांजराला त्रिकोण शिकवताना

स्क्रॅच या ठोकळे जोडायच्या संगणकभाषेतल्या केशरी मांजराकडून चौकोन काढून घेणं सहावीतल्या मुलांना जड जात नाही. ‘१०० पावलं चाल’ आणि ‘९० अंश वळ’ हे दोन ठोकळे एकाखाली एक जोडायचे, ‘४ वेळा कर’ म्हणणाऱ्या ठोकळ्याच्या पोटात सरकवायचे, झालं. (पेन तेवढं आधी खाली टेकवायचं.) खरी गंमत त्रिकोणाला येते. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे भूमितीच्या तासाला पाठ झालेलं असतं. मुलं बिनदिक्कत ६० लिहितात, तीनदा चालायला लावतात आणि पडद्यावर उमटतो अर्धा षटकोन.

मांजराला आतल्या कोनाशी देणंघेणं नाही. चालण्याच्या दिशेपासून किती वळायचं, एवढंच त्याला कळतं. १८० मधून ६० गेले, उरले १२०. वर्गातल्या फरशीवर स्वतः त्रिकोण चालून पाहिला की मुलांना हे पटकन उमगतं. सिमूर पॅपर्ट यांचा आग्रह हाच होता. जिनिव्हात जाँ पियाजे यांच्याबरोबर काम केलेल्या पॅपर्टनी सिंथिया सॉलोमन आणि वॉली फर्झिग यांच्या साथीनं १९६७ मध्ये अमेरिकेत लोगो ही मुलांची संगणकभाषा घडवली. तिच्यातलं कासव असंच चाले, वळे. पण आज्ञा टाइप कराव्या लागत. एक अक्षर चुकलं की कासव जागच्या जागी.

एमआयटी मीडिया लॅबमधल्या मिचेल रेझ्निक यांच्या गटानं २००७ साली स्क्रॅच खुलं केलं, ते ही अडचण ठोकळ्यांच्या आकारातच सोडवून. खरं की खोटं ते सांगणारा ठोकळा षटकोनी असतो. ‘जर’च्या षटकोनी खाचेत दुसऱ्या आकाराचा ठोकळा बसतच नाही. व्याकरण चुकायची सोयच नाही म्हणा ना! अजून वाचता न येणाऱ्यांसाठी २०१४ पासून स्क्रॅचज्युनिअर आहे, त्यात ठोकळ्यांवर नुसती चित्रं.

मग उरतात त्या विचारातल्या चुका. त्याच मोलाच्या. फळ्यावरचा तयार प्रोग्राम अख्खा वर्ग जसाच्या तसा उतरवून घेतो, अशा शिकवण्यांमध्ये नेमक्या त्याच होऊ दिल्या जात नाहीत. १२० हा आकडा बाईच सांगून टाकतात. फी मात्र कोडिंगची.

ज्यांना १२० स्वतः सापडतो, ती मुलं तिथे थांबत नाहीत. पंचकोनाला ७२ लागतात, षटकोनाला ६०. कुणीतरी ‘१ पाऊल, १ अंश’ ३६० वेळा करून पाहतं आणि वर्तुळ उमटतं. स्क्रॅचच्या रंगमंचावर प्रत्येक बिंदूला अंक असतात, त्यामुळे वर्तुळाचा व्यासही मोजता येतो. तो भरतो ११५ च्या आसपास. परीघ ३६० पावलांचा. भागाकार येतो ३.१३.