‘अपॉइंटमेंट’ : एक शब्द, दोन अर्थ

मराठीत रूढ झालेल्या इंग्रजी शब्दांचा अभ्यास करताना केवळ प्रतिशब्द पाहून भागत नाही. तो शब्द वाक्यात कसा चालतो, हेही पाहावे लागते. ‘अपॉइंटमेंट’ हा असाच एक शब्द आहे.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी सुरू झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले. या पट्ट्यात हा शब्द दोन ठिकाणी हमखास ऐकू येतो : दवाखान्यात आणि कारखान्याच्या कार्यालयात. दवाखान्यात त्याचा अर्थ ‘भेटीची ठरलेली वेळ’, तर कार्यालयात ‘नेमणूक’ किंवा ‘नियुक्ती’ असा होतो.

हे दोन अर्थ परस्परांपासून दूर वाटले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाच्या मुळाशी ‘निश्चित करणे’ हा भाव आहे. वेळ निश्चित केली की भेट ठरते. माणूस निश्चित केला की नेमणूक होते. मराठीतील ‘नेमणे’ हे क्रियापदही असेच व्यापक आहे. आपण दिवस नेमतो, माणूस नेमतो आणि अभ्यासक्रमाला पुस्तकही नेमतो.

मराठीत हा शब्द स्त्रीलिंगी चालतो. ‘भेट’, ‘वेळ’, ‘नेमणूक’, ‘नियुक्ती’ हे त्याचे मराठी पर्याय स्त्रीलिंगी असल्याने त्यांचेच लिंग त्याला मिळाले असावे. उलट ‘अपॉइंटमेंट लेटर’ हे ‘पत्र’ या शब्दाप्रमाणे नपुंसकलिंगी होते.

अर्थ ओळखण्यास सोबतचे क्रियापद साहाय्य करते. ‘अपॉइंटमेंट घेतली’ म्हणजे भेटीची वेळ ठरवली. ‘अपॉइंटमेंट मिळाली’ हे वाक्य मात्र संदिग्ध आहे. समजा, चाकणच्या कारखान्यात मुलाखतीची वेळ मिळालेल्या तरुणाने हेच वाक्य गावी फोनवरून सांगितले. घरी त्याचा अर्थ ‘नोकरी लागली’ असा घेतला जाईल, पेढेही वाटले जातील. प्रत्यक्षात मुलाखतच व्हायची असेल. येथे ‘मुलाखतीची वेळ मिळाली’ असे म्हणणेच योग्य.

लेखी व्यवहारात हा भेद अधिक महत्त्वाचा ठरतो. मुलाखतीचे बोलावणे म्हणजे नियुक्तिपत्र नव्हे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून, तिच्यानुसार कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आपण कोणाकडे, कोणत्या पदावर आणि किती वेतनावर काम करतो, हे पुढे वाद झाल्यास दाखवून देण्यास हा कागद उपयोगी पडतो. म्हणून हाती आलेल्या पत्रात ‘नियुक्ती’ म्हटले आहे की केवळ ‘भेट’, हे नीट वाचावे.

स्वयंअध्ययन : ‘डॉक्टरांची अपॉइंटमेंट झाली’ या वाक्याचे दोन अर्थ सांगा आणि प्रत्येक अर्थ निःसंदिग्ध होईल अशी दोन मराठी वाक्ये लिहा.