साधी पुडी

"तंबाखूला हात लावत नाही मॅडम. आपली साधी पुडी असते." माझ्या खुर्चीत बसून हे वाक्य इतक्यांनी ऐकवलंय की हल्ली मी त्यावर वाद घालत नाही. "आ करा," एवढंच म्हणते. आ होत नाही.

माझा दवाखाना अहमदपूरला, लातूर-नांदेड रस्त्यावर. चाकूर, शिरूर ताजबंदकडचे पेशंट एका बाजूने येतात, लोहा-कंधारचे दुसऱ्या बाजूने. आलेले असतात दाढ काढायला, नाहीतर "तिखट खाल्लं की तोंडात आग व्हायलीय" म्हणून. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगते. निरोगी माणसाची तिन्ही बोटं सहज जातात. यांची दोन जातात, कधी एकच. गालात बोट फिरवलं की आतून उभ्या, ताठ दोऱ्या हाताला लागतात. गुलाबी असायला हवं ते अस्तर पांढुरकं, फिकट. पडजीभ आखडून एवढीशी झालेली. शिट्टी वाजवा म्हटलं तर नुसती हवा येते, कारण ओठ-गाल ताठ झालेले असतात.

ओरल सबम्युकस फायब्रोसिस हे या रोगाचं नाव. तोंडाच्या अस्तराखाली दाह वर्षानुवर्षं धुमसत राहतो आणि हळूहळू तिथल्या मऊ ऊतींची जागा चिवट तंतू घेतात.

पेशंटच्या मते दोष मिरचीचा. त्याला हसू नये, मोठमोठ्या संशोधकांनाही तिचाच संशय आला होता. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांमध्ये हा रोग नोंदवला आणि कारण अज्ञात असल्याचं नावातच घालून टाकलं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी आज आपण वापरतो त्या नावाचा पाया घातला. १९६० मध्ये डॉ. सत्यवती सिरसाट आणि डॉ. वसंत खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतलं कॅप्सेसिन लावून पाहिलं. ऊतींत थोडेफार बदल दिसले आणि मिरचीवरचा संशय बरीच वर्षं टिकला. पण मग मेक्सिकोचं काय? तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या मिरची खातात, आणि हा रोग तिथला नाही. ठेच्याने आग होते ती अस्तर आधीच पातळ झालेलं असतं म्हणून.

दुसरा आरोपी तंबाखू. तोंडाच्या कॅन्सरचा तो पक्का गुन्हेगार आहे, त्याला मी सोडणार नाही. पण तोंड आखडण्याचा हा गुन्हा त्याचा नाही. तैवानमध्ये सुपारी चघळताना तंबाखू घालत नाहीत. चीनच्या हुनान प्रांतातही नुसती सुपारीच चघळतात. दोन्हीकडे हा रोग भरपूर आहे. उलट नुसती तंबाखू मळून खाणाऱ्यांत तो सहसा सापडत नाही. रोग असतो तिथे सगळीकडे समान उरते ती सुपारी. म्हणून "साधी पुडी", म्हणजे बिनतंबाखूची सुपारी, हा शब्द ऐकला की मला जास्त काळजी वाटते. तंबाखू सोडून सुपारीवर आलेला माणूस आपण सुधारलो या समजुतीत दिवसाला दहा पुड्या रिचवतो.

सुपारी करते काय? आपल्या भागात पूर्वी तरवडाच्या सालीत कातडं भिजवून कमावत असत. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या कोलॅजनला असं धरून ठेवतं की ते सडत नाही, चिवट होतं. सुपारीतही टॅनिन असतं आणि ते जिवंत गालावर जवळपास हेच काम करतं. त्यात आरेकोलिन हे सुपारीतलं अल्कलॉइड पेशींना जादा कोलॅजन बनवायला लावतं. सुपारीत तांबंही बरंच असतं, त्याने तंतूंना एकमेकांत गुंफणारं एन्झाइम चेकाळतं. म्हणजे नवीन तंतू वाढत जातात आणि जुने मोडत नाहीत. कडक खांडांनी अस्तराला रोज बारीक जखमा होतात त्या वेगळ्याच, आणि चुना हे सगळं आत मुरायला मदत करतो.

मग आमची आजी जन्मभर पान खात होती, तिला कसं काही झालं नाही? हा प्रश्न हमखास येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी १९९६ मध्ये विडा खाणारे आणि पुडीतला पानमसाला खाणारे पेशंट तुलना करून पाहिले. विडेवाल्यांना रोग व्हायला साधारण साडेआठ वर्षं लागली होती, पुडीवाल्यांना तीनपेक्षाही कमी. पुडीतली सुपारी वाळलेली, वजनाला जास्त, आणि सोबत हिरवं पान नाही. शिवाय आजीचा विडा जेवणानंतर असायचा. तिच्या अडकित्त्याला, चंचीला, चुन्याच्या डबीला वेळ लागायचा. पुडी दाताने फाडली की झालं काम.

तरीही सगळ्या खाणाऱ्यांना हा रोग होत नाही, आणि एखाद्याचं तोंड वर्ष-दोन वर्षांतच आखडतं. काहींच्या जनुकांतच तशी ठेवण असावी असं दिसतं. लोह आणि बी जीवनसत्त्वं कमी असतील तर अस्तर लवकर हार मानतं. आमच्याकडे रक्त कमी असलेल्या बायका किती, हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या पर्समध्ये मात्र सुगंधी सुपारीची डबी असते, आणि तिला कुणी व्यसन म्हणत नाही. पूजेला गणपती म्हणून सुपारी, आमंत्रणाला अक्षतांबरोबर सुपारी. अशा मानाच्या वस्तूवर आळ घ्यायचा कसा? लहान पोरांना गोड सुपारी तर घरातलीच माणसं देतात. मला राग येतो तो याचा.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे, पुढे ती सुगंधी सुपारीवरही आली. देगलूर, उदगीरकडे सीमा ओलांडून आलेला माल पकडल्याची बातमी अधूनमधून पेपरात येतेच. साधी सुपारी तर किराणा दुकानात उघड मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये तंबाखूशिवायची सुपारीही कॅन्सरकारक ठरवली, हे दुकानदाराला माहीत असायचं कारण नाही.

उपचार आहेत: गालात इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या, फारच आखडलं तर शस्त्रक्रिया. आइस्क्रीमच्या काड्या दातांमध्ये घालून दर आठवड्याला एक वाढवत नेण्याचा व्यायाम मी सगळ्यांना देते. कंटाळा न करणाऱ्यांचं तोंड थोडं उघडतं. पूर्वीइतकं सहसा नाही. संशयास्पद डाग दिसला तर तुकडा तपासायला लातूरच्या किंवा नांदेडच्या दंत महाविद्यालयात पाठवते. केरळात या रोगाच्या पेशंटवर सतरा वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यांतल्या ७.६ टक्के जणांना पुढे कॅन्सर झाला. म्हणून पुडी सोडल्यावरही दर सहा महिन्यांनी या, असं मी सांगते. "आता तर सोडली ना, मग कशाला?" असं विचारणाऱ्याला पुढची तारीख कार्डावर लिहून देते, आणि बायकोचा फोन नंबरही घेऊन ठेवते.